होय, नाही आणि रिकामं : ड्रॉपडाउनमध्ये बूलियन बांधताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीत मार्केट यार्डातल्या अडत दुकानांना, बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजवाल्यांना मी वेब फॉर्म करून देतो. शिकाऊ पोरांचे फोन येतात, दुकानांतल्या दिवाणजींचेही येतात आणि फिरून फिरून गाडी एकाच जागी रुतते. तेच तेच किती वेळा सांगायचं, म्हणून लिहून ठेवलं. कोडमधले शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत आहेत, टाइप अर्थातच रोमनमध्ये करायचे. "ट्रू" असं अवतरणचिन्हात दिसलं तर ती स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर. अवतरणाशिवाय ट्रू दिसलं तर ती खरी बूलियन किंमत, म्हणजे खरं (ट्रू) किंवा खोटं (फॉल्स) एवढंच सांगणारी.

"नाही" निवडलं तरी "होय"च सेव्ह होतंय. असं का?

माझीच फजिती सांगतो. हळदीच्या एका अडत दुकानासाठी आवक नोंदवायचा फॉर्म केला होता. शेतकऱ्याचं गाव, पोती, वजन आणि एक ड्रॉपडाउन: "पॉलिश केली आहे का?" ऑप्शन दोन, होय आणि नाही, त्यांच्या व्हॅल्यू "ट्रू" आणि "फॉल्स". कोडमध्ये साधी इफ: पॉलिश असेल तर यादीत त्या लॉटपुढे बरोबरची खूण. तिसऱ्या दिवशी दिवाणजींचा फोन. "अहो, पोत्यात हात घातला की बोटाला माती लागतीय, आणि तुमचा कॉम्प्युटर म्हणतोय पॉलिश झालीय!" यादी उघडली तर झाडून सगळ्या लॉटपुढे खूण.

ड्रॉपडाउनमधून हाती येते ती किंमत नेहमी स्ट्रिंग असते. आणि इफमध्ये स्ट्रिंग दिली की जावास्क्रिप्ट आत काय लिहिलंय ते वाचतच नाही, रिकामी आहे की भरलेली एवढंच बघते. गेटवरचा वॉचमन समजा. ट्रकवाल्याच्या हातात चिठ्ठी दिसली की गाडी आत. चिठ्ठीवर "ही गाडी आत सोडू नये" असं लिहिलेलं असलं तरी आत! "फॉल्स", "०", "नाही", फार काय नुसती एक स्पेस असलेली स्ट्रिंग, सगळ्या चिठ्ठ्या त्याला सारख्याच. तो अडवतो फक्त रिकाम्या हाताने आलेल्याला.

ब्राउझर सरळ ट्रू किंवा फॉल्स का देत नाही?

फॉर्म मुळात सर्व्हरकडे मजकूर पाठवण्यासाठी जन्माला आला. सिलेक्ट आणि ऑप्शन हे टॅग १९९५ च्या एचटीएमएल २.० मध्येच होते. जावास्क्रिप्टही त्याच वर्षी नेटस्केपमध्ये ब्रेंडन आइकने लिहिली, पण फॉर्मचा साचा तोवर ठरून गेला होता. ऑप्शनचं व्हॅल्यू हे ॲट्रिब्यूट, म्हणजे टॅगमध्ये लिहिलेली जोडमाहिती, आणि ॲट्रिब्यूटमध्ये मजकुराशिवाय काही मावत नाही. व्हॅल्यू लिहिलीच नाही तर ऑप्शनमधला दिसणारा मजकूर हीच व्हॅल्यू होते.

हेच दुखणं लोकलस्टोरेजमध्ये (ब्राउझरची स्वतःची साठवण), पत्त्यातल्या प्रश्नचिन्हापुढच्या भागात आणि फॉर्मडेटातही आहे. लोकलस्टोरेजमध्ये फॉल्स ठेवा, परत काढताना "फॉल्स" मिळेल.

मी दोन बरोबर चिन्हं लावून फॉल्सशी तुलना केली. तरी जमत नाही.

जमणार नाहीच. दोन बरोबर चिन्हांच्या तुलनेत एका बाजूला स्ट्रिंग आणि दुसरीकडे बूलियन असली की जावास्क्रिप्ट दोन्ही बाजू आकड्यांत बदलून बघते. फॉल्सचा होतो शून्य. "फॉल्स" या मजकुराचा आकडा होतच नाही, तिथे एनएएन (नॉट अ नंबर, म्हणजे आकडा नाही) मिळतं, आणि एनएएन कुणाच्याच बरोबर नसतं. म्हणून "फॉल्स" == फॉल्स याचं उत्तर फॉल्स. "ट्रू" == ट्रू याचंही उत्तर फॉल्सच. पण "१" == ट्रू याचं उत्तर ट्रू येतं! त्यामुळे व्हॅल्यू एक आणि शून्य ठेवणाऱ्याचं चालतं, आणि तो शेजारच्याला सांगतो, "माझ्याकडं तर चालतंय की."

बूलियन फंक्शनमध्ये घातलं तर? किंवा पुढे दोन उद्गारचिन्हं?

दोन्हीकडे वॉचमन तोच. "फॉल्स" घातलं तरी ट्रू बाहेर येतं.

मग बरोबर पद्धत कोणती?

तीन आहेत, आणि माझं मत शेवटी सांगतो.

पहिली: तीन बरोबर चिन्हं लावून "ट्रू" या स्ट्रिंगशी तुलना करायची. सिलेक्टची व्हॅल्यू === "ट्रू" याचं उत्तर खरं बूलियन येतं. एका ओळीत काम होतं, शिकवायलाही सोपं. पण "ट्रू" सोडून जे काही येईल ते सगळं फॉल्स होतं. "फॉल्स"चं फॉल्स झालं ते ठीक, पण काहीच न निवडलेलंही फॉल्स, आणि दुसऱ्या कुणी व्हॅल्यू मोठ्या अक्षरात लिहिली तर तीही फॉल्स. चूक दिसतसुद्धा नाही, गपचूप "नाही" होऊन बसते.

दुसरी: जेसन.पार्स, म्हणजे मजकूर वाचून त्याची खरी किंमत करून देणारं फंक्शन. "ट्रू"चं ट्रू, "फॉल्स"चं फॉल्स, "नल"चं नल (म्हणजे काहीच किंमत नाही), छान होतं. रिकामी स्ट्रिंग आली की मात्र एरर फेकतं, आणि पहिलं अक्षर कॅपिटल असलं तरी फेकतं. काहींना हा दोष वाटतो. मला वाटतं, ओरडणारी चूक गप्प चुकीपेक्षा बरी. पण गिऱ्हाइकासमोर फॉर्म अडकला की शिव्या आपल्यालाच बसतात.

तिसरी: एक छोटी तक्ता-वस्तू (ऑब्जेक्ट), डावीकडे शोधायचा शब्द म्हणजे की, उजवीकडे त्याची किंमत. की "ट्रू", किंमत ट्रू. की "फॉल्स", किंमत फॉल्स. की रिकामी स्ट्रिंग, किंमत नल. आलेली व्हॅल्यू या तक्त्यात शोधायची. सापडली नाही, म्हणजे अनडिफाइंड आलं, तर तिथेच थांबून कन्सोलवर बोंब मारायची. चार ओळी जास्त होतात, पण काय चालतं आणि काय नाही हे एकाच जागी लिहिलेलं राहतं. मी हीच वापरतो. रूपांतर फॉर्मच्या दारातच उरकून टाका. आतल्या कोडमध्ये "ट्रू" ही स्ट्रिंग फिरताना दिसली की समजा, कुठेतरी कुणीतरी तिला इफमध्ये घालणार आहे.

फक्त दोनच उत्तरं असताना तो नल कशाला?

उत्तरं दोन असली तरी अवस्था तीन असतात: होय, नाही, आणि अजून विचारलंच नाही.

एका गोदामाच्या नोंदवहीचा फॉर्म केला होता. त्यात प्रश्न होता, "माल तळमजल्यावर आहे का?" सांगलीत हा प्रश्न का विचारतात ते परगावच्या माणसाला सांगावं लागतं. आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ फुटांवर धोका. २००५ आणि २०१९ चे पूर ज्यांनी बघितलेत ते पुलावरचा आकडा वाचतात आणि आधी माल वर चढवतात. त्या फॉर्ममध्ये मी पहिली पद्धत वापरली होती, रिकाम्याचं फॉल्स करणारी. पावसाळ्यात मालकांनी तळमजल्यावर माल असलेल्यांची यादी मागितली, ती निघाली अगदी आखूड. मालक खूश! हमाल मात्र म्हणाला, "साहेब, खाली तर पाय ठेवायला जागा नाही." नोंद करणाऱ्याने घाईत बऱ्याच मालाचं ते खानं तसंच सोडलं होतं, आणि माझ्या कोडने त्या सगळ्याला "तळमजल्यावर नाही" ठरवून टाकलं होतं. पाणी यायच्या आत कळलं, म्हणून आज हसून सांगतोय.

तेव्हापासून पहिला ऑप्शन "निवडा", त्याची व्हॅल्यू रिकामी स्ट्रिंग, आणि सिलेक्टला रिक्वायर्ड. इथे एक खाच आहे. एकच निवड घेणाऱ्या साध्या ड्रॉपडाउनमध्ये रिक्वायर्ड नुसतं लिहून भागत नाही. पहिला ऑप्शन रिकाम्या व्हॅल्यूचा असेल तरच ब्राउझर अडवतो. "होय"च पहिला ठेवला तर पान उघडताक्षणी ब्राउझर तोच निवडून ठेवतो, आणि हात न लावता प्रत्येक माणूस "होय" म्हणून मोकळा होतो.

डेटाबेसच्या कॉलममध्येही नल चालेल अशी सोय ठेवा. फॉर्ममध्ये तीन अवस्था आणि टेबलात "नॉट नल, डिफॉल्ट शून्य" असेल, तर वरचं सगळं वाया.

सेव्ह बरोबर होतं, पण नोंद परत उघडली की ड्रॉपडाउन कोरा दिसतो.

दार दोन्ही बाजूंनी असतं, आत येतानाचं आणि बाहेर जातानाचं. बाहेरचं बहुतेक जण विसरतात.

साध्या जावास्क्रिप्टमध्ये सिलेक्टच्या व्हॅल्यूला ट्रू दिलं तर ब्राउझर त्याचं "ट्रू" करतो आणि जुळणारा ऑप्शन निवडतो. नल दिलं तर त्याचं "नल" असं चार अक्षरी नाव होतं. तसा ऑप्शन नसतो, म्हणून काहीच निवडलं जात नाही, "निवडा" हेसुद्धा नाही. तिथे नलच्या जागी रिकामी स्ट्रिंग द्यायची.

जेक्वेरी ही जावास्क्रिप्टची जुनी लायब्ररी वापरणाऱ्यांची गत वेगळी. तिथे व्हॅल फंक्शनला ट्रू दिलं तरी खानं कोरं होतं, कारण ते ऑप्शनच्या व्हॅल्यूशी काटेकोर तुलना करतं आणि बूलियन मजकुराशी जुळत नाही. स्ट्रिंग करून द्या, लगेच चालेल. गंमत म्हणजे त्याच जेक्वेरीचं डेटा फंक्शन डेटा-ॲट्रिब्यूटमधलं "फॉल्स" वाचताना आपणहून फॉल्स करून देतं. एकाच घरातली दोन भावंडं, स्वभाव उलटे.

पान सर्व्हरवर तयार होत असेल तर तिथली भाषा ट्रू कसं लिहिते तेही बघा. पायथनच्या टेम्पलेटमधून आणि सी शार्पच्या टूस्ट्रिंगमधून पहिलं अक्षर कॅपिटल येतं, ते तुमच्या छोट्या अक्षरांच्या "ट्रू"शी जुळत नाही. पीएचपीत ट्रू एको केलं तर "१" छापलं जातं, फॉल्स एको केलं तर काहीच नाही. म्हणजे "नाही" आणि "विचारलंच नाही" तिथे एकाच तोंडाने बोलतात.

आणि कोड सगळा बरोबर असूनही फायरफॉक्समध्ये पान रिफ्रेश केल्यावर जुनीच निवड दिसत असेल, तर ते त्या ब्राउझरचं आपणहून लक्षात ठेवणं असतं. फॉर्मला ऑटोकम्प्लीट ऑफ करून बघा.

आमच्या टेबलात १ आणि ० आहेत. व्हॅल्यूही तशाच ठेवल्या तर?

ठेवा, हरकत नाही. मायएसक्यूएलमध्ये बूलियन म्हणून जो कॉलम करता तो आत टायनीइंट, म्हणजे छोटा पूर्णांकच असतो. फक्त एक ध्यानात ठेवा: "०" ही स्ट्रिंग पीएचपीच्या अटीत खोटी आणि जावास्क्रिप्टच्या अटीत खरी. सर्व्हरवर बरोबर चाललेली अट तशीच उचलून ब्राउझरमध्ये आणली की उलटते. आणि "फॉल्स" ही स्ट्रिंग तर पीएचपीतही खरीच धरली जाते. तिथे फिल्टर_व्हार फंक्शन बूलियनच्या फिल्टरसह वापरा. सोबत नल ऑन फेल्युअरचा झेंडा लावला तर भलतंच काही आल्यावर नल मिळतं.

अँग्युलर, व्ह्यू, रिॲक्टमध्येही हेच करायचं का?

हे तिन्ही जावास्क्रिप्टमध्ये पानं बांधायचे तयार सांगाडे. अँग्युलरमध्ये ऑप्शनला नुसती व्हॅल्यू बांधली, चौकटी कंसात जरी बांधली, तरी मॉडेलमध्ये (फॉर्मची किंमत धरून ठेवणाऱ्या कोडमध्ये) "ट्रू" ही स्ट्रिंगच येते. तिथे चौकटी कंसात एनजीव्हॅल्यू लिहायचं, मग खरं ट्रू, खरं फॉल्स आणि "निवडा"साठी खरं नलसुद्धा मॉडेलमध्ये जसंच्या तसं जातं. बहुतेकांचा प्रश्न इथेच मिटतो. पण एनजीव्हॅल्यू वापरल्यावर ब्राउझरमधली प्रत्यक्ष व्हॅल्यू "०: ट्रू", "१: फॉल्स" अशी क्रमांक लावलेली असते. चेंज इव्हेंटमध्ये टार्गेटची व्हॅल्यू वाचणारा जुना कोड शिल्लक असेल तर त्याच्या हाती ही विचित्र चिठ्ठी पडते आणि तो गोंधळतो. किंमत मॉडेलमधूनच वाचा. मॉडेलची सुरुवात अनडिफाइंडने केली असेल तर ती नलच्या ऑप्शनशी जुळत नाही. सुरुवातच नलने करा.

जुन्या अँग्युलरजेएसवरचे फॉर्म अजून कुठे कुठे जिवंत आहेत. त्याचा अधिकृत आधार २०२१ च्या अखेरीस संपला. तिथे एनजी-ऑप्शन्स वापरलं की किमतीचा प्रकार, स्ट्रिंग की बूलियन, तसाच टिकतो.

व्ह्यूत व्हॅल्यूच्या आधी विसर्गचिन्हासारखे दोन टिंब द्या. टिंबं असली की ट्रू बूलियन, नसली की "ट्रू" स्ट्रिंग. दोन टिंबांचा खेळ! शिवाय सुरुवातीची किंमत कुठल्याच ऑप्शनशी जुळत नसेल तर आयफोनवर पहिला ऑप्शन निवडताच येत नाही, कारण तिथे चेंज इव्हेंट सुटत नाही. रिकाम्या व्हॅल्यूचा, डिसेबल्ड असा पहिला ऑप्शन ठेवला की प्रश्न संपला.

रिॲक्ट काही मदत करत नाही. ऑप्शनला महिरपी कंसात ट्रू दिलं तरी ऑनचेंजमध्ये स्ट्रिंगच मिळते, तक्ता वापरा. सिलेक्टला नल दिलं तर कन्सोलवर ताकीद येते, रिकामी स्ट्रिंग द्या. स्वेल्टमध्ये बाइंड केलं की प्रकार आपोआप टिकतो.

टाइपस्क्रिप्टमध्ये ॲज बूलियन लिहिलं की झालं ना?

नाही. स्ट्रिंगवर तसं लिहिलं की कंपायलर एरर देतो, आणि मध्ये ॲज अननोन घालून त्याला गप्प बसवलं तरी किंमत बदलत नाही. पोत्यावरचं लेबल बदललं म्हणून आतला माल बदलत नाही.

सिलेक्टेड="फॉल्स" लिहिलं तरी तो ऑप्शन निवडलेलाच दिसतो.

सिलेक्टेड, डिसेबल्ड, रिक्वायर्ड ही ॲट्रिब्यूट नुसती हजर असली की लागू होतात, पुढे काय लिहिलंय ते कुणी बघत नाही. परत तोच वॉचमन. नको असेल तर ॲट्रिब्यूटच काढून टाका.

होय-नाहीसाठी चेकबॉक्स सोपा नाही का?

"व्हॉट्सॲपवर पावती हवी" अशा जागी चेकबॉक्स उत्तम. टिक न करणं म्हणजे नको, हे सगळ्यांना कळतं. पण चेकबॉक्सला तिसरी अवस्था सांगता येत नाही: टिक नाही म्हणजे "नाही" की "बघितलंच नाही"? साध्या फॉर्ममध्ये टिक न केलेला चेकबॉक्स सर्व्हरकडे जातच नाही, आणि टिक केलेल्याला व्हॅल्यू दिली नसेल तर "ऑन" जातं.

खरं विचाराल तर दोन उत्तरांसाठी मला रेडिओ बटणं जास्त आवडतात. दोन्ही उत्तरं समोर दिसतात, मोबाइलवर एका टिचकीत काम होतं, आणि सुरुवातीला काहीच निवडलेलं नसलं तरी चालतं. ड्रॉपडाउन मी तेव्हाच देतो जेव्हा एका ओळीत दहा रकाने कोंबायचे असतात. अडत दुकानाच्या आवकीच्या तक्त्यात तेच होतं, त्यामुळे तिथे इलाज नव्हता.

ऑप्शन मराठीत लिहायचे का?

दिसणारा मजकूर मराठीतच हवा. व्हॅल्यू मात्र वेगळी आणि ठरलेली ठेवा. एकदा मी व्हॅल्यू न लिहिता "होय"शीच तुलना केली होती. महिन्याभराने मालक म्हणाले, "होय फार पुस्तकी वाटतंय, हो करा." केलं, आणि सगळे फॉर्म "नाही" म्हणायला लागले.

प्रश्न विचारतानाही जपा. "पॉलिश नाही ना केली?" याला आपल्याकडे "हो" म्हटलं तर अर्थ होतो, नाही केली. फॉर्ममधल्या "होय"चा अर्थ माणूस एक लावतो आणि डेटाबेस दुसरा. नकारार्थी प्रश्न फॉर्ममध्ये घालूच नका. त्याहून बरं म्हणजे होय-नाही काढून "पॉलिश केलेली" आणि "बिनपॉलिश" असेच ऑप्शन लिहायचे. व्हॅल्यू त्याच राहतात, वाचणाऱ्याला प्रश्नाकडे परत बघावं लागत नाही.

सगळं नीट चाललंय हे तपासायचं कसं?

होय निवडून सेव्ह करा, नाही निवडून करा, आणि हात न लावता करून बघा. मग तिन्ही नोंदी परत उघडून, काही न बदलता पुन्हा सेव्ह करा. गडबड बहुधा या दुसऱ्या सेव्हला सापडते. सर्व्हरकडे पाठवण्याआधी टाइपऑफ, म्हणजे किंमत कुठल्या प्रकारची आहे ते, छापून बघा. "स्ट्रिंग" दिसलं तर दारातच काहीतरी राहिलंय. नल असेल तर टाइपऑफ "ऑब्जेक्ट" सांगेल, घाबरू नका, जावास्क्रिप्टची ती जुनी खोड आहे.

होय-नाहीत बसत नसेल तर?

हळदीच्या त्याच फॉर्ममध्ये सगळं दुरुस्त करून झाल्यावर दिवाणजी म्हणाले, "आता यात डबल पॉलिश पण घाला." म्हणजे गोष्ट मुळात बूलियनची नव्हतीच. तिसरा ऑप्शन घुसवून ट्रू, फॉल्स आणि "डबल" अशी खिचडी करायचा मोह होतो, तो टाळा. मी कॉलम मजकुराचा केला आणि तीन ठरलेल्या किंमती ठेवल्या: बिनपॉलिश, सिंगल, डबल. तक्त्यातही तेवढ्याच.

जुन्या नोंदींतलं फॉल्स सरळ बिनपॉलिश झालं, नल तसंच राहिलं. जुनं ट्रू मात्र सिंगल की डबल हे डेटाबेसला ठाऊक नव्हतं, म्हणून त्यांना "पॉलिश, प्रकार नोंदलेला नाही" अशी चौथी किंमत दिली. ती फक्त जुन्या नोंदींत दिसते, नव्या फॉर्मच्या ड्रॉपडाउनमध्ये नाही. मग दिवाणजींनी कपाटातून लाल कापडाची वही काढली आणि सौद्याच्या तारखा लावत एकेक लॉट वाचून दाखवला. मी टाइप करत गेलो.